कांडी घरात आली आणि राणी माळ्यावर जाऊन बसली

मागवाली (वडगाव)

नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

घरात दोन मांजरं आहेत. राणी सात वर्षांची भाटी (मादी), ढेब्या तीन वर्षांचा बोका. दोघांचीही नसबंदीची ऑपरेशनं झालीत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या विणायच्या मागाच्या शेडमध्ये, सुताच्या कांड्यांच्या पेटीत एक पिल्लू सापडलं. आई येईल म्हणून दीड दिवस वाट बघितली. माग बंद ठेवला, दार उघडं ठेवलं, लांबून नजर ठेवली. ती काही आली नाही. पाऊस तर असा की परड्यातलं पाणी शेडच्या उंबऱ्याला लागलेलं. शेवटी ओढणीत गुंडाळून घरी आणलं. कांड्यांच्या पेटीत सापडली म्हणून कांडी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर 640 ग्रॅम भरली.

आता माझी चूक सांगते. मी तिला सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, मधोमध खाली सोडलं. वाटलं, दोघं वास घेतील, चाटतील. राणी दोन पावलं पुढं आली, थबकली, अंगावरचे सगळे केस उभे, आणि असं फिस्कारली की मी तिचा तो आवाज सात वर्षांत ऐकला नव्हता. ढेब्यानं पंजा मारला, कांडीच्या नाकावर बारीक ओरखडा उठला. राणी उडी मारून माळ्यावर गेली ती भाताच्या पोत्यांमागं बसलीय. काल रात्रीपासून खाल्लेलं नाही. आई म्हणते, "हिकडं दोन हाईत की, आणि तिसरं कशाला आणलीस?" कांडी रात्रभर ओरडत होती.

घर लांबट आहे. सोपा, मधलं घर, स्वयंपाकघर, मागं न्हाणी आणि परडं. दार लागेल अशा दोनच खोल्या, एक सुताची आणि एक धाकट्या भावाची अभ्यासाची. कांडीला सुताच्या खोलीत ठेवलं तर चालेल का? राणीला खाली कसं आणू?

अनगोळची अक्का

बाळ, आधी पिल्लू उचल, दुसऱ्या खोलीत ने आणि दार लाव. बाकीचं मग वाच.

राणीला खाली आणू नकोस. तिला येऊ दे. तिचं पाणी, खाणं आणि शी-शूसाठी एक वाळूची पाटी माळ्यावरच ठेव. रागावू तर अजिबात नकोस. तिच्या बाजूनं बघ. सात वर्षं त्या घराच्या दाराच्या चौकटीला, मागाच्या खांबाला, तुझ्या आईच्या पाटाला तिनं गाल घासलेत. मांजराच्या गालात वासाच्या ग्रंथी असतात. गाल घासून ते आपला वास ठेवतं आणि त्या वासात निवांत झोपतं. त्याच घरात एकदम परका वास आला, तोही जमिनीवर पळणारा, ओरडणारा. मांजराची ओळख आधी नाकानं होते, डोळ्यानं नंतर. आपण डोळ्यापासून सुरुवात केली. मीही पहिल्या वेळी हेच केलं होतं आणि माझी म्हातारी भाटी महिनाभर शेजारच्या कौलांवर राहिली. म्हणून इतक्या घाईनं लिहिलं.

गुरांचा डॉक्टर (चिकोडी)

माझं रोजचं काम म्हशी-गाईंचं, पण घरी चार मांजरं आहेत, म्हणून लिहितो.

सुताची खोली नको. हे पहिलं. मांजराच्या जिभेवर मागच्या बाजूला वळलेले काटे असतात, त्यामुळं तोंडात गेलेला धागा बाहेर थुंकता येत नाही, आतच जातो. धाग्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकतं, बाकीचा आतड्यात उतरतो, आणि आतडं नाडी ओढलेल्या पिशवीसारखं गोळा होतं. मग पोट फाडण्याशिवाय इलाज राहत नाही. तोंडातून किंवा मागून धागा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, तसंच उचलून दवाखाना गाठायचा. मागवाल्यांच्या घरात हे कायम ध्यानात ठेवा, मोठ्या मांजरांसाठीसुद्धा.

भावाची खोली घ्या. कांडीला तिथं किमान 14 दिवस ठेवा. यात नुसती ओळखीची सोय नाही, रोगाचा प्रश्न आहे. मांजरांचा पार्व्हो, म्हणजे पॅनल्यूकोपेनिया, पिल्लाच्या अंगात असेल तर लक्षणं दिसायला साधारण 2 ते 10 दिवस लागतात. त्याचा विषाणू घरात वर्षभरसुद्धा तग धरतो. राणी आणि ढेब्याची लस शेवटची कधी झाली?

राणी 24 तासांहून जास्त काहीच खात नसेल तर थांबू नका. मांजर उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठायला लागते, आणि जाड मांजराला तो धोका जास्त. ढेब्यावरही नजर ठेवा. ताणामुळं बोक्याची लघवी तुंबू शकते. पाटीत जाऊन बसतोय, कुंथतोय, पण वाळू कोरडीच, असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. ते तासांचं काम आहे.

मागवाली (वडगाव)

डॉक्टर, दोघांची लस दोन वर्षांपूर्वीची. मग राहूनच गेली. उद्याच बघते.

कांडीला भावाच्या खोलीत हलवलं. तो पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे, आधी कुरकुरला, आता तिच्यासाठी बाटलीत गरम पाणी भरून टॉवेलात गुंडाळून ठेवतोय. सुताची खोली बंदच केली. तुमचं वाचलं आणि परड्यात जाऊन आधी सगळी सुताची गुंतवळ गोळा केली. आम्ही ती एका टोपलीत टाकत होतो आणि ढेब्या त्याच टोपलीत झोपत होता.

राणी रात्री दोनला उतरली. मी अंधारात पडून होते. वाटीतलं चिकन खाल्ल्याचा आवाज ऐकला तेव्हा जिवात जीव आला. (श्रावण आहे, आमच्या घरात कोणी खात नाही. मांजरांचं परड्यातल्या चुलीवर वेगळ्या भांड्यात शिजतं.)

निपाणीची काकू

आम्ही आयुष्यभर दूधभात घालूनच मांजरं वाढवली. म्हशीचं दूध पाणी घालून दे. पोट भरलं की पिल्लू गप झोपतं. एवढं सगळं दवाखान्याचं कशाला?

गुरांचा डॉक्टर (चिकोडी)

काकू, तुमच्या हातून मांजरं जगली याचा आदरच आहे. पण दूध पिऊन किती पिल्लं पातळ हगवणीनं गेली ते आपण मोजत नव्हतो. पिल्लू आईपासून तुटलं की दुधातली साखर पचवायची ताकद कमी होत जाते. 640 ग्रॅमच्या जिवाला दोन दिवस हगवण लागली तर अंगातलं पाणी संपतं. शिवाय मांजर पक्कं मांसाहारी. टॉरिन म्हणून एक घटक त्याला मांसातूनच लागतो, तो कमी पडला तर डोळे आणि हृदय बिघडतं. दूधभातावरची मांजरं जगत होती ती उंदीर मारून खात होती म्हणून. कांडीला अजून उंदीर कुठला?

पिल्लांचं खाणं मिळालं तर उत्तम, नाहीतर तेवढे दिवस उकडलेलं चिकन बारीक करून, दिवसातून चार वेळा थोडं थोडं. मीठ, कांदा, लसूण काही नको. कायमचं मात्र नुसत्या चिकनवर भागत नाही.

निपाणीची काकू

हे उंदराचं माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आमच्या तंबाखूच्या वखारीत उंदीर असायचे खरे. बरं, चिकन दे बाई.

खानापूरकर

माझं मत थोडं वेगळं आहे. आमच्या शेतावर पाच-सहा मांजरं कायम असतात. नवीन पिल्लू आलं की दोन दिवस गुरगुरतात, मग सगळी एकाच गवताच्या गंजीत झोपतात. कोणी कोणाची ओळख करून दिलेली नाही. आपणच जास्त मध्ये पडतो असं वाटतं.

अनगोळची अक्का

दादा, शेतावर नको असलेलं मांजर उठून दुसऱ्या गंजीवर जातं. त्याला चार एकर मोकळे असतात. वडगावातल्या गल्लीतल्या घरात राणीनं कुठं जायचं? तिला माळाच उरला, तिथंच ती गेली. जागा नसली की मांजराला लपणं किंवा लढणं एवढंच हातात राहतं. खोली, दार, जाळी हे सगळं आपण करतो ते तिला शेतावरची ती मोकळीक मिळावी म्हणूनच.

खानापूरकर

हे पटलं. आणि मघाशी लिहिलं नाही ते आता लिहितो. चार वर्षांपूर्वी मी बाजारातून एक पिल्लू उचलून आणलं होतं. दिसायला ठणठणीत. आठवड्याभरात त्याला उलट्या सुरू झाल्या, पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसायचं, पण पीत नव्हतं. ते गेलं. त्याच्या मागोमाग आमच्या दोन भाट्या गेल्या, एक गाभण होती. वर डॉक्टरांनी लिहिलं तो रोग हाच, हे आज कळलं. आम्ही नजर लागली म्हणून नारळ ओवाळला होता. मागवालीताई, ते 14 दिवस अजिबात कमी करू नका.

मागवाली (वडगाव)

दादा, वाचून हात थांबला. करणार नाही कमी.

आज तीन गोष्टी. राणी-ढेब्याला लस दिली. कांडीला तपासून आणलं, साधारण सात आठवड्यांची आहे असं म्हणाले, जंताचं औषध वजन करून दिलं, पहिली लस पुढच्या आठवड्यात. आणि कांडीच्या अंगावर पिसवा आहेत. कंगवा फिरवला तर काळी भुकटी पडली, ओल्या कापसावर ठेवली तर लाल झाली. एका औषधाच्या दुकानात मानेवर टाकायचे थेंब दिले, "कुत्र्याचं आहे पण मांजराला चालतं, अर्धं टाका" म्हणाले. अजून टाकलं नाही. बाटलीवर पर्मेथ्रिन लिहिलंय.

गुरांचा डॉक्टर (चिकोडी)

टाकू नका! बाटली घरातूनच काढा. पर्मेथ्रिन कुत्र्याला चालतं, मांजराच्या यकृताला ते फोडता येत नाही. थरथर, झटके आणि मृत्यू. अर्धं टाकणं, पाव टाकणं असला हिशोब त्यात नाही. हे वाचणाऱ्या कोणी चुकून टाकलं असेल तर लगेच भांडी घासायच्या साबणानं कोमट पाण्यात धुवा आणि दवाखाना गाठा.

एवढ्या लहान पिल्लाला बारीक दातांचा कंगवा बरा. विंचरायचं, दर फटक्याला कंगवा साबणाच्या पाण्यात बुडवायचा. पिल्लाच्या हिरड्या बघत चला, गुलाबीच्या पांढऱ्या व्हायला लागल्या तर पिसवांनी रक्त फार प्यालंय. वय आणि वजनाप्रमाणं मांजरांचं वेगळं औषध मिळतं, ते तपासणाऱ्याकडूनच घ्या.

आणि त्या खोलीत फरशी पुसायला फिनाईल वापरू नका. काळं असो, पांढरं असो. त्यातल्या काही घटकांचा निचरा मांजराच्या शरीरातून होत नाही आणि ती पाय चाटतात. आधी साबणपाण्यानं धुवा, लघवी नीट निघून जाऊ द्या, मग 1 लिटर पाण्यात साधारण 30 मिली ब्लीच घालून 10 मिनिटं ठेवा, परत साध्या पाण्यानं धुवा, वाळवा. तोवर पिल्लू टोपलीत.

मागवाली (वडगाव)

बाटली परत केली. पैसे मिळाले नाहीत, जाऊ दे.

सहावा दिवस. अक्कांनी सांगितलं तसं वासाचं सुरू केलं. आईची जुनी सुती साडी होती, वडगावच्याच मागावरची, मऊ झालेली. ती फाडून फडकी केली. एक फडकं कांडीच्या गालाला आणि कपाळाला घासलं, एक राणीच्या, एक ढेब्याच्या. कांडीचं फडकं मधल्या घरात दोघांच्या वाट्यांपासून चार हातांवर ठेवलं. ढेब्यानं हुंगलं आणि त्यावर बसला. राणी हुंगून फिस्कारली. नुसत्या फडक्यावर! मग मी ते परत दोन हात मागं सरकवलं. संध्याकाळी परत हुंगलं, फिस्कारली नाही, शेपटी मात्र आपटत होती. आज सकाळी त्या फडक्याजवळून सरळ चालत गेली. कांडी तिकडं राणीच्या फडक्यात तोंड खुपसून झोपते.

शेजारच्या कानडी आजी रोज विचारतात, "मरी हेगिदे?" म्हणजे पिल्लू कसं आहे. आईला आधी तो शब्द कानाला टोचायचा, घरात मरी मरी काय म्हणून. आता तीच कांडीला "मरी" म्हणते. राणी त्या आजींच्या "बा, बा" ला ओ देते आणि आमच्या "ये, ये" ला देत नाही, हे जुनंच.

येळ्ळूरचा भाचा

मधेच विचारतो. आमच्याकडं पण दुसरं मांजर येणार आहे. फिस्कारणं किती दिवस चालतं? आणि भांडण लागलं तर हात घालून सोडवायचं का?

अनगोळची अक्का

हात कधीच घालायचा नाही. जाड पुठ्ठा किंवा उशी मध्ये सरकव. चिडलेलं मांजर समोर जे येईल त्याला चावतं, मग ते तू असलास तरी. मांजराचा दात सुईसारखा खोल जातो, वरून जखम दिसत नाही आणि आत पिकतं. चावलं तर वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडं, रेबीजच्या इंजेक्शनचं विचारायचं. घरचंच मांजर आहे म्हणून सोडायचं नाही.

फिस्कारण्याला घाबरू नकोस. "लांब राहा" एवढंच ते सांगतं, आणि सांगतं हे चांगलंच. माझी भीती गप्प मांजराची असते. डोळा न हलवता टक लावून बघतंय, कान मागं चपटे, अंग जमिनीलगत, शेपटीचं टोक तेवढं हलतंय. हे दिसलं की लगेच मध्ये पुठ्ठा. किती दिवस ते कोणी सांगू शकत नाही. माझ्याकडं एका जोडीला नऊ दिवस लागले, दुसरीला तीन महिने. राणीसारख्या सात वर्षांच्या भाटीला वेळ द्यावा लागेल.

मागवाली (वडगाव)

सतरावा दिवस. कांडी 870 ग्रॅम. पहिली लस झाली, पिसवा नाहीत, हगवण नाही. चौदा दिवस बंद दाराच्या दोन बाजूंना जेवणं चालली. पहिल्यांदा राणीची वाटी दारापासून मधल्या घराच्या टोकाला होती, रोज वीतभर पुढं सरकवत आणली. आता दाराला पाठ लावून खाते. भावानं जुन्या खुराड्याची जाळी चौकटीत बसवली, म्हणजे दार उघडलं तरी जाळी राहते. वर अर्धी चादर टाकून ठेवली, रोज थोडी वर घेतो.

काल पहिल्यांदा जाळी काढली. दोघांना आधी पोटभर घातलं, ढेब्याला दोरीच्या टोकाला कापड बांधून खेळवून दमवलं, दोरी लगेच कपाटात. पाच मिनिटं सगळं छान. ढेब्यानं कांडीचं ढुंगण हुंगलं, कांडी पाठीवर पडली. आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. ढेब्या दचकला, कांडी पळाली, पळालेलं बघून ढेब्या मागं लागला, राणी वरून ओरडली. पुठ्ठा हातात होता म्हणून निभावलं. कांडी कपाटाखाली तासभर थरथरत होती. मी रडले. परत सगळं पहिल्यापासून?

गुरांचा डॉक्टर (चिकोडी)

पहिल्यापासून नाही. दोन पावलं मागं. तीन-चार दिवस परत जाळीच, जाळीच्या दोन्ही बाजूंना आवडीचं खाणं. मग परत पाच मिनिटं, कुकर बंद असताना. चांगलं चाललंय तोवरच थांबायचं, बिघडायची वाट बघायची नाही.

पाट्या किती आहेत? तीन मांजरांना चार हव्यात, त्याही एका ओळीत नकोत. ओळीत ठेवलेल्या चार म्हणजे मांजराच्या लेखी एकच. वाटेत एक जण बसला की दुसऱ्याची वाट बंद.

मागवाली (वडगाव)

दोनच होत्या, दोन्ही न्हाणीपाशी. म्हणून राणीनं परवा माळ्यावर पोत्यावर घाण केली की काय! आम्ही तिलाच दोष दिला. आज जुन्या दोन प्लॅस्टिक घमेल्यांत वाळू भरली, एक माळ्यावर, एक सोप्यात.

मागवाली (वडगाव)

खूप दिवसांनी लिहितेय. गणपतीची तयारी चालली होती. परवा चतुर्थी झाली.

जाळी गेल्या आठवड्यापासून काढलीय. रात्री आणि आम्ही शेडमध्ये असताना कांडी अजून भावाच्या खोलीतच. ढेब्या आणि कांडी आता कुस्ती खेळतात, तो पडतो आणि ती त्याच्या मानेवर चढते. राणी खेळत नाही. कांडी फार जवळ गेली तर पंजा उचलते, नखं आत ठेवून डोक्यावर टप्पकन मारते, कांडी बसून राहते. तेवढ्यानं भागतं.

परवा मूर्ती आणताना गल्लीत फटाक्यांची माळ लावली. तिन्ही एका दमात माळ्यावर. मी वर चढून बॅटरी मारली. ढेब्या पोत्यांमागं, राणी तिच्या नेहमीच्या जागी, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर कांडी, भिंतीला चिकटून. राणीनं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि डोळे मिटले. फिस्कारली नाही. मी आवाज न करता खाली उतरले.

निपाणीची काकू

डोळ्यात पाणी आलं गं. मोदकाचं सारण नको देऊस हां तिला.

खानापूरकर

ताई, ऑपरेशनचं आत्ताच विचारून ठेवा. भाटी चार महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. ढेब्याचं झालंय, पण परड्याला दार आहे.

मागवाली (वडगाव)

विचारलंय दादा, दिवाळीनंतरची वेळ घेतली आहे. उद्या कांडीची दुसरी लस आणि रेबीजची पहिली. आज वजन केलं, 1 किलो 210 ग्रॅम. काट्यावर ठेवली तर राणी येऊन काट्याच्या कडेला गाल घासून गेली.